‘फक्त संशोधनासाठी’ असलेली कुपी आणि न झालेल्या चाचण्या

गुडघा दुखतो, खांदा वर जात नाही, सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकवत नाही. अशा दुखण्यांवर पूर्वी शेक, तेल आणि विश्रांती सांगितली जायची. अलीकडे जिममध्ये, धावणाऱ्यांच्या गटांत आणि समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत एक नवा सल्ला ऐकू येतो : ‘पेप्टाइड घे, महिन्यात बरा होशील.’ बीपीसी-१५७, टीबी-५००, जीएचके-कॉपर ही त्यातली नेहमीची नावे. पांढऱ्या भुकटीची छोटी काचेची कुपी, तीत मिसळायचे पाणी आणि इन्सुलिनची सिरिंज असा सगळा सरंजाम ऑनलाइन मिळतो. कुपीवर बारीक अक्षरांत एक सूचना असते : ‘फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही.’ ती माणसालाच टोचली जाणार, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते.

अमेरिकेत हा विषय आता राजकारणात पोहोचला आहे. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये बीपीसी-१५७ सह अनेक पेप्टाइडांना सुरक्षिततेबाबत गंभीर शंका असलेल्या पदार्थांच्या वर्गात टाकले. औषध दुकानांनी ती मागणीनुसार बनवून देण्याला त्यामुळे आळा बसला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर यांनी या प्रशासनावर पेप्टाइडांची गळचेपी केल्याचा जाहीर आरोप केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते देशाचे आरोग्यमंत्री झाले. तेव्हापासून ‘सरकार चांगले औषध दडपून ठेवते’ आणि ‘सरकार लोकांना वाचवते’ अशा दोन तटांत हा वाद सुरू आहे. या गदारोळात मूळ प्रश्न बाजूला पडतो. ही पेप्टाइडे शरीराची झीज भरून काढतात असे का मानले जाते आणि ते माणसात कितपत सिद्ध झाले आहे?

पेप्टाइड म्हणजे काय?

अमिनो आम्लांचे मणी ओवून केलेली छोटी माळ म्हणजे पेप्टाइड. माळ खूप लांब झाली आणि घड्या पडून तिला विशिष्ट आकार आला की तिला प्रथिन म्हणतात. शरीरात अशी असंख्य पेप्टाइडे निरोप्याचे काम करतात. एका पेशीने सोडायचे आणि दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीने ते ओळखायचे, असा हा व्यवहार.

म्हणून ‘पेप्टाइड’ म्हटले की भोंदूपणा असे समजणे चूक ठरेल. १९२२ पासून मधुमेहींचे प्राण वाचवणारे इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे आहे. हाडांच्या ठिसूळपणावरचे टेरिपॅराटाइड ३४ अमिनो आम्लांचे. वजन आणि साखर कमी करणारी सध्याची बहुचर्चित सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइड ही औषधेही पेप्टाइडेच आहेत. गोंधळ नेमका इथेच होतो. या मान्यताप्राप्त औषधांनी कमावलेला विश्वास ‘रिसर्च पेप्टाइड’ विकणारे आपल्या मालासाठी वापरून घेतात. रासायनिक घराणे एक असले तरी दोघांच्या मागचा पुरावा सारखा नाही.

जखम भरते कशी?

कापले, खरचटले किंवा टेंडन फाटले की शरीर ठरलेल्या क्रमाने कामाला लागते. (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी.) आधी रक्त गोठते. मग सूज येते आणि पांढऱ्या पेशी मोडतोड साफ करतात. त्यानंतर तंतुपेशी येऊन कोलॅजेनचे धागे विणू लागतात. त्यांना प्राणवायू आणि पोषण पुरवण्यासाठी नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात. शेवटी घाईघाईत विणलेले कोलॅजेन बदलून त्या जागी मजबूत धागे बसतात. हे अखेरचे काम कित्येक महिने चालते. त्वचेची जखम पूर्ण भरली तरी वणाची ताकद मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते.

टेंडन आणि लिगामेंट यांना मुळात रक्तपुरवठा कमी. त्यामुळे तिथली इजा लवकर बरी होत नाही. इथेच पेप्टाइडांचा दावा येतो.

बीपीसी-१५७ हे १५ अमिनो आम्लांचे पेप्टाइड. जठररसातील एका प्रथिनाचा तो तुकडा असल्याचे ते शोधणारे संशोधक सांगतात. क्रोएशियातील झाग्रेब येथील प्रेड्राग सिकिरिच यांचा गट १९९० च्या दशकापासून त्यावर काम करतो आहे. प्राण्यांवरील व पेशींवरील प्रयोगांतून त्याच्या परिणामाचे तीन मार्ग सुचवले गेले. पहिला, रक्तवाहिन्या फुटण्याचा संदेश घेणारी व्हीईजीएफ ग्राही वाढणे. दुसरा, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या यंत्रणेवर परिणाम. तिसरा, टेंडनमधील तंतुपेशींची हालचाल आणि त्यांच्यावरील वाढ-संप्रेरकाच्या ग्राही वाढणे.

थायमोसिन बीटा-४ हे ४३ अमिनो आम्लांचे पेप्टाइड शरीरात नैसर्गिकरीत्या असते. पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या ॲक्टिन या प्रथिनाशी ते जोडले जाते. पेशींना जखमेकडे सरकायला त्याची मदत होते, असे मानतात. टीबी-५०० या नावाने विकला जाणारा पदार्थ बहुधा त्याचा सात अमिनो आम्लांचा तुकडा असतो. जाहिरातीत मात्र दोन्ही एकच असल्यासारखे सांगितले जाते. जीएचके हे अवघ्या तीन अमिनो आम्लांचे पेप्टाइड १९७३ मध्ये मानवी रक्तद्रवात सापडले. ते तांब्याला धरून ठेवते आणि कोलॅजेन तयार होण्याला चालना देते, असे प्रयोगशाळेत दिसले. आज ते मुख्यतः सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाते.

थोडक्यात, दावे हवेतले नाहीत. त्यांना जीवशास्त्राचा आधार आहे. अडचण पुढच्या पायरीवर आहे.

उंदरापासून माणसापर्यंत

हाडे, सांधे व स्नायूंच्या इजांमध्ये बीपीसी-१५७ किती उपयोगी पडते, याचा एक आढावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. निकषांत बसणारे ३६ अभ्यास त्यात घेतले होते. त्यांपैकी ३५ प्राण्यांवरचे किंवा प्रयोगशाळेतले होते. माणसांवरचा फक्त एक. त्यातही १६ गुडघेदुखीचे रुग्ण, जुन्या नोंदींवरून केलेला मागोवा आणि तुलनेसाठी दुसरा गटच नाही. बहुतेकांनी बरे वाटल्याचे सांगितले.

हे बरे वाटणे खोटे नसेल. पण ते कशामुळे, हे अशा अभ्यासातून कळत नाही. गुडघ्यावरच्या उपचारांच्या चाचण्यांत नुसते मिठाचे पाणी टोचलेल्या गटाच्या वेदनाही लक्षणीय कमी होतात, हे अनेकदा दिसले आहे. शिवाय दुखणे शिगेला पोहोचते तेव्हा माणूस उपचार शोधतो, आणि शिगेला पोहोचलेले दुखणे बऱ्याचदा आपोआप उतरते. टेनिस एल्बोचे बहुतेक रुग्ण वर्षभरात विशेष उपचारांविनाही सुधारतात. म्हणून तुलना गट लागतो.

प्राण्यांच्या प्रयोगाची आणखी एक मर्यादा आहे. तिथे निरोगी, तरुण उंदराचे टेंडन कापतात आणि ते किती लवकर जुळते ते पाहतात. अशा उंदराचे टेंडन एरवीही बऱ्यापैकी जुळते. पंचेचाळिशीतल्या माणसाचे टेंडन वर्षानुवर्षे झिजलेले असते. सोबत मधुमेह, वाढलेले वजन किंवा तंबाखू असते. हा आजारच वेगळा आहे.

माणसांवर चाचणी करायचा प्रयत्न झालाच नाही असेही नाही. २०१५ मध्ये ४२ निरोगी स्वयंसेवकांवर बीपीसी-१५७ ची प्राथमिक सुरक्षा चाचणी नोंदवली गेली होती. तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले नाहीत. दुसरीकडे, उंदीर आणि कुत्र्यांच्या रक्तात हे पेप्टाइड अर्ध्या तासाच्या आत निम्म्याहून कमी होते, असे मोजमाप उपलब्ध आहे. मग माणसाला किती मात्रा, दिवसातून किती वेळा, किती दिवस? इंटरनेटवर फिरणारी सारी ‘वेळापत्रके’ हे अंदाज आहेत.

गोळीच्या रूपातील पेप्टाइडांबाबत तर आणखी जपून राहायला हवे. पेप्टाइड पोटात गेले की बहुधा अन्नासारखेच पचते. सेमाग्लुटाइडची गोळी बनवताना शोषण वाढवणारे खास रसायन जोडावे लागले. तरीही गोळीतल्या औषधाचा सुमारे एक टक्काच भाग रक्तात पोहोचतो. ‘जठररसात टिकते’ याचा अर्थ ‘रक्तात पोहोचते’ असा होत नाही.

रक्तवाहिन्या वाढणे नेहमी चांगले?

‘नव्या रक्तवाहिन्या फुटतात’ हे वाक्य जाहिरातीत गुण म्हणून येते. नेत्रविभागात त्याच वाक्याचा अर्थ उलटा होतो. मधुमेहींच्या दृष्टिपटलावर नाजूक, गळक्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव होतो आणि नजर जाते. ते थोपवण्यासाठी डोळ्यात जी इंजेक्शने देतात, ती व्हीईजीएफ याच संदेशाला रोखणारी असतात. कर्करोगाची गाठही स्वतःचा रक्तपुरवठा अशाच प्रकारे वाढवते. तो तोडणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ पासून वापरात आहे.

आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि अनेकांना तो असल्याची कल्पनाही नसते. अशा व्यक्तीने खांद्यासाठी पोटावर टोचलेले पेप्टाइड खांद्यापुरतेच थांबेल, याची हमी कोणी दिलेली नाही. बीपीसी-१५७ मुळे माणसात अंधत्व किंवा कर्करोग होतो, असाही पुरावा नाही. तो शोधण्याजोगा अभ्यासच झालेला नाही. ‘दुष्परिणाम आढळले नाहीत’ आणि ‘दुष्परिणाम पाहिलेच नाहीत’ यांतला हा फरक आहे.

खुद्द टेंडनच्या बाबतीतही हा हिशेब सरळ नाही. टाचेमागचे अकिलीस टेंडन दीर्घकाळ दुखत असेल, तर सोनोग्राफीत तिथे नव्या रक्तवाहिन्या शिरलेल्या दिसतात आणि त्यांच्यासोबत नव्या नसाही. काही तज्ज्ञ वेदनेचे एक कारण तेच मानतात. रक्तपुरवठा वाढला म्हणजे टेंडन सुधारले, असे समीकरण मांडता येत नाही.

मान्यता मिळालेल्या औषधांनी काय केले?

ऊती वाढवणारी औषधे वैद्यकशास्त्राला नवी नाहीत. त्यांचा प्रवास पाहिला की चाचण्या कशासाठी हव्यात ते कळते.

टेरिपॅराटाइड हाड वाढवते. चाचण्यांच्या काळात त्याच्या मोठ्या मात्रांमुळे उंदरांच्या हाडांत कर्करोग दिसला. म्हणून २००२ मध्ये अमेरिकेत मान्यता देताना ठळक इशारा छापला गेला आणि आयुष्यात एकूण दोन वर्षांचीच मर्यादा घातली. पुढे वर्षानुवर्षे रुग्णांवर लक्ष ठेवले. माणसात तसा धोका वाढलेला दिसला नाही. २०२० मध्ये तो इशारा काढला गेला.

मधुमेही पायाच्या जखमांवरील बेकाप्लर्मिन हे जेल १९९७ चे. ते पेप्टाइड नसून मोठे वाढ-प्रथिन आहे, पण तत्त्व तेच. जास्त ट्यूब वापरलेल्या रुग्णांत कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक दिसल्यामुळे २००८ मध्ये इशारा आला. अधिक माहिती हाती आल्यावर २०१८ मध्ये तो मागे घेतला. लहान आतडे अपुरे पडलेल्यांना दिले जाणारे टेडुग्लुटाइड आतड्याचे अस्तर खरोखर वाढवते. म्हणूनच प्रौढांना ते सुरू करण्याआधी दुर्बिणीने मोठे आतडे तपासून पॉलिप काढून टाकावे लागतात.

या उदाहरणांचा बोध दोन्ही बाजूंनी लागू होतो. उंदरातला धोका माणसात खरा ठरेलच असे नाही, तसा उंदरातला फायदाही खरा ठरेलच असे नाही. निर्णय माणसांवरच्या शिस्तबद्ध नोंदींनीच होतो. थायमोसिन बीटा-४ ने हा रस्ता धरून पाहिला. त्वचेच्या जुनाट जखमा आणि कोरडे डोळे यांवर त्याच्या चाचण्या झाल्या. अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळण्याइतका पुरावा त्यातून उभा राहिला नाही. प्रयोगशाळेत आश्वासक वाटलेल्या बहुसंख्य औषधांचे असेच होते.

कुपीत नेमके काय आहे?

समजा, पेप्टाइड गुणकारी आहे. तरी कुपीत तेच आहे का? विक्रेते ‘९९ टक्के शुद्ध’ असे प्रमाणपत्र दाखवतात. ही चाचणी फार तर भुकटीत ते पेप्टाइड किती आहे ते सांगते. ती निर्जंतुक आहे का, हे सांगत नाही. जिवाणू मेले तरी त्यांच्या आवरणातील विषारी अंश मागे राहतो. त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. इंजेक्शनमधून तो शरीरात गेला तर थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब घसरू शकतो. औषध कारखान्यांना प्रत्येक बॅचची ही तपासणी बंधनकारक असते. ‘संशोधनासाठी’ विकल्या जाणाऱ्या मालाला नसते.

घरी पाणी मिसळताना, एकच कुपी अनेक दिवस वापरताना आणि मित्राबरोबर वाटून घेताना जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो. गळू झाल्यावर रुग्ण रुग्णालयात येतो, पण काय टोचले ते सांगायला कचरतो. जुलै २०२५ मध्ये लास वेगास येथील दीर्घायुष्यविषयक संमेलनात पेप्टाइडची इंजेक्शने घेतल्यानंतर दोन महिला गंभीर आजारी पडल्या आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशा वेळी दोष पेप्टाइडचा, भेसळीचा की मात्रेचा, हे ठरवणे फार अवघड जाते.

मैदानावरचा धडा

खेळाडूंना तर दुहेरी फटका बसतो. जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, बीपीसी-१५७ वर २०२२ पासून नावानिशी बंदी घातली आहे. थायमोसिन बीटा-४ आणि टीबी-५०० हेही निषिद्ध आहेत.

ऑस्ट्रेलियातील एसेंडन फुटबॉल क्लबचे प्रकरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. २०१२ च्या हंगामात तिथल्या खेळाडूंना पूरक पोषणाच्या नावाखाली इंजेक्शने दिली गेली. स्थानिक लवादाने २०१५ मध्ये त्यांना दोषमुक्त केले. ‘वाडा’ने अपील केले. जानेवारी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ३४ आजी-माजी खेळाडूंना थायमोसिन बीटा-४ वापरल्याबद्दल दोषी धरून बंदी घातली. कोणाला, केव्हा, काय टोचले याच्या पुऱ्या नोंदी क्लबकडे नव्हत्या. खेळाडूंनी संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या. त्या सह्यांनी त्यांचे करिअर वाचले नाही.

आपल्याकडे हा विषय दूरचा नाही. ‘वाडा’च्या २०२४ च्या आकडेवारीत भारताच्या ७,११३ नमुन्यांपैकी २६० दोषी ठरले. हे प्रमाण ३.६ टक्के असून मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत सर्वाधिक आहे. कुस्ती, कबड्डी, ॲथलेटिक्समधली किंवा पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी ग्रामीण मुले बहुतेक वेळा प्रशिक्षकाच्या शब्दावर चालतात. इजा झालेल्या मुलाला ‘लवकर बरे करणारी सुई’ सुचवली गेली, तर नाही म्हणायला लागणारी माहिती त्याच्याजवळ नसते.

प्रयोग तर होतोच आहे, पण नोंद कुठे?

भारतातील २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर केंद्रीय नियामकाची परवानगी आणि नीतिमत्ता समितीची देखरेख लागते. सहभागी व्यक्तीला धोके समजावून लेखी संमती घ्यावी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई द्यावी लागते.

ऑनलाइन कुपी मागवून टोचणारा माणूसही प्रयोगातच सामील झालेला असतो. फक्त इथे संरक्षण काहीच नाही आणि पैसेही त्याचेच जातात. त्याला गुण आला तरी त्याची नोंद होत नाही, अपाय झाला तरी होत नाही. जगभरात हजारो जण टोचून घेतात आणि तरीही ज्ञानात भर पडत नाही. उलट, माल विनाचाचणी खपतो आहे म्हटल्यावर महागड्या चाचण्यांवर खर्च करायला कोणी उत्पादक तयार होत नाही. ‘सरकार चांगले औषध दडपते’ म्हणणाऱ्यांनी या बाजूचाही विचार करायला हवा. बीपीसी-१५७ खरोखर गुणकारी असेल, तर त्याचा सर्वांत मोठा शत्रू हा बेशिस्त बाजारच आहे.

मग दुखऱ्या माणसाने काय करावे?

पहिली गोष्ट, निदान. खांदेदुखी टेंडनची, सांध्याची की मानेतून आलेली, हे कळल्याशिवाय कोणताही उपचार म्हणजे अंधारात दगड. टेंडनच्या जुनाट दुखण्यात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू भार वाढवत नेणाऱ्या व्यायामाला चांगला आधार आहे. त्याला बारा आठवडे किंवा अधिक वेळ द्यावा लागतो. ऊती दुरुस्त होण्याचा वेग तोच आहे.

जखम भरण्याला अडवणाऱ्या गोष्टी आधी दूर कराव्यात. रक्तातील साखर आटोक्यात आणणे, धूम्रपान, तंबाखू आणि मिश्री सोडणे, रोजच्या जेवणात डाळ, कडधान्ये, दूध, अंडी यांतून पुरेसे प्रथिन घेणे आणि पुरेशी झोप. मधुमेही पायाच्या जखमेत त्या जागेवरचा भार काढणे, मृत ऊती स्वच्छ करणे आणि रक्तपुरवठा तपासणे हे उपचाराचे मूळ आहे. वाढ-प्रथिनांची मान्यताप्राप्त जेल भारतात मिळतात, पण ती या उपायांना जोड म्हणून, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

कोणी अशी इंजेक्शने आधीच घेत असेल, तर ती थांबवून डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. कुपी फेकून न देता सोबत न्यावी. मधुमेह असेल तर दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. कर्करोग झालेल्यांनी, गर्भवतींनी आणि अठरा वर्षांखालील मुलांनी तर या वाटेला जाऊच नये. टोचल्या जागी लाली, पू, थंडीताप, धाप किंवा नजरेत बदल जाणवला तर थांबू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. दुष्परिणामांची नोंद डॉक्टर किंवा रुग्ण स्वतःही औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करू शकतात. जी नोंद बाजार ठेवत नाही, ती निदान इथे होईल.

पेप्टाइडांच्या संशोधनातून उद्या टेंडनचे उत्तम औषध निघू शकते. ते निघेल तेव्हा त्याच्या वेष्टनावर मात्रा, धोके, उत्पादकाचे नाव आणि परवाना क्रमांक छापलेला असेल. तोवर ‘मानवी वापरासाठी नाही’ हे कुपीवरचे वाक्य आहे तसेच वाचावे.